बी तेच, रान वेगळं. मग गुण कुणाचा?

केडगावच्या चहाच्या टपरीवर कांद्यावरून सुरू झालेली गोष्ट गांजाच्या झाडापर्यंत गेली. ऊन, पाणी, खत यांनी झाडातलं रसायन बदलतं का? बदलतं. पण रीलमध्ये सांगतात तसं नाही. आणि त्या रीलच्या भरवशावर कुणी शेतात उतरलं, तर थेट जेलची वारी आहे.

नेप्तीच्या कांदा मार्केटात लिलावाचा दिवस म्हणजे केडगावचा अर्धा रस्ता ट्रॅक्टर आणि पिकअपनं भरलेला. गोण्यांच्या थप्प्या, हमालांची पळापळ, बोली लावणाऱ्यांचा आवाज आणि बाहेरच्या टपऱ्यांवर चहा-भजी. अशाच एका टपरीवर मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र बसलो होतो. त्याच्या घरचा कांदा आला होता. भाव काय मिळाला ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

टपरीवाले काका भज्यांसाठी कांदा चिरत होते. डोळे पुसत म्हणाले, "यंदाचा माल लईच झोंबतोय."

मित्र म्हणाला, "पाणी कमी पडलं ना काका. पाणी तुटलं की कांदा तिखट होतो."

मग त्यानं मोबाईल काढला आणि मला एक रील दाखवली. हिरवंगार शेत, मागं गाणं आणि एक पोरगा सांगतोय की हेम्प लावा, एकरी लाखोंनी कमवा. हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, फक्त नशेचा अंश कमी. ‘टीएचसी शून्य पॉइंट तीन टक्क्यांच्या खाली ठेवलं की सगळं लीगल.’

"आता बघ," मित्र म्हणाला, "कांद्याचा तिखटपणा जर पाण्यावर आणि खतावर असतो, तर ह्याचं टीएचसी पण आपल्याला कमी-जास्त करता येईल ना? पाणी जास्त दिलं, खत बदललं, की आलं खाली. मग काय अडचण आहे?"

प्रश्न वेडगळ नव्हता. उलट शेतकऱ्याच्या पोरालाच सुचेल असा होता. त्यात दोन वेगळे प्रश्न होते, एक विज्ञानाचा आणि एक कायद्याचा. दोन्हींची उत्तरं शोधायला लागलो आणि कळलं की ती त्या रीलच्या बरोबर उलटी आहेत.

आधी कांद्याचं बघू

मित्राचं कांद्याबद्दलचं म्हणणं खरं आहे. कांद्यात गंधकाची संयुगं असतात. ती पेशीत एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, दुसऱ्या कप्प्यात. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. नुसता रडवण्याचा वायू बनवणारं एक खास विकर असतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधून काढलं. त्याबद्दल त्यांना २०१३ साली ‘इग नोबेल’ हे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीसही मिळालं.

आता हे गंधक येतं कुठून? जमिनीतून. जमिनीत गंधक जास्त, हवा गरम, पाणी तुटलेलं, तर कांदा तिखट. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ‘विडालिया’ नावाचा कांदा पिकतो, तो गोडसर असतो. त्यामागं जातीइतकाच तिथल्या रेताड, गंधक कमी असलेल्या जमिनीचाही हात आहे. पण म्हणून गोड जातीचं बी आणून आपल्या रानात लावलं तर ते आपल्या गावरान कांद्याइतकं तिखट होतं का? नाही. थोडं झोंबायला लागेल, पण गावरान होणार नाही. म्हणजे जात एक पट्टा आखून देते आणि रान त्या पट्ट्यात कांद्याला वर-खाली नेतं.

उसाचंही तसंच. नगर जिल्ह्यातल्या पोराला साखर उतारा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आपल्याच प्रवरानगरला झाली. थंडी चांगली पडली की उतारा वाढतो. तोडणीच्या आधी पाणी तोडतात ते ऊस पक्व व्हावा म्हणून. आणि उशिरा युरिया टाकला की ऊस हिरवागार, वजनदार दिसतो, पण साखर कमी भरते. झाड वाढीच्या मागं लागतं, साठवणीच्या नाही.

हे युरियाचं लक्षात ठेवा. पुढं गांजाच्या झाडातही हेच दिसणार आहे.

झाडाच्या आत काय शिजतं?

भांग आणि गांजा एकाच झाडाचे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि त्याच्या चिकाचा चरस. ज्याला हेम्प म्हणतात तेही हेच झाड, शास्त्रीय नाव ‘कॅनाबिस सटायव्हा’. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर अगदी बारीक, डोकं फुगलेले केस असतात. भिंगातून पाहिलं तर काचेच्या टाचण्यांसारखे दिसतात. सगळं रसायन त्या डोक्यात बनतं.

तिथं आधी एक मूळ पदार्थ तयार होतो. त्याला शास्त्रज्ञ ‘सीबीजीए’ म्हणतात. त्याच्यापुढं दोन वाटा असतात. एक विकर त्याला टीएचसीच्या आम्लाकडं नेतं, दुसरं सीबीडीच्या आम्लाकडं. टीएचसी म्हणजे नशा आणणारा पदार्थ. सीबीडीनं नशा चढत नाही. फिट्सच्या काही दुर्मीळ आजारांत त्याचा औषध म्हणून उपयोग होतो. टीएचसी नेमकं काय आहे हे इस्रायलच्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली शोधलं. म्हणजे माणूस हे झाड हजारो वर्षं ओळखतो, पण त्यात काय आहे ते कळून जेमतेम साठ वर्षं झाली.

आता खरी मेख. कोणत्या झाडात कोणती वाट मोकळी असेल हे ठरवतं कोण? ऊन-पाणी की बी?

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा गैरसमज

एकोणिसाव्या शतकात सगळ्यांना वाटायचं की हे ऊनच ठरवतं. कलकत्त्यात डॉक्टर असलेले विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली या झाडाच्या औषधी उपयोगावर लिहिलं. युरोपातल्या हेम्पमध्ये नशा नाही आणि हिंदुस्थानातल्या झाडात चिकट राळ आहे, हे त्यांना दिसलं होतं. झाड दिसायला तर सारखंच. मग फरक हवामानाचाच असणार, असा समज रूढ झाला.

या गोष्टीत आपला जिल्हाही येतो, हे मला माहीत नव्हतं. इंग्रज सरकारनं १८९३ साली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. हजाराहून जास्त साक्षी घेऊन १८९४ साली त्यांनी अनेक खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात जिथं गांजाची शेती व्हायची त्या भागांत अहमदनगर जिल्ह्याचं नाव आहे. म्हणजे आज ज्या जिल्ह्यात ‘उसात लावलेला गांजा पकडला’ अशी बातमी येते, तिथं एके काळी हे उघड पीक होतं.

त्या काळच्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नर झाड शेतात राहिलं की गांजा बिघडतो. म्हणून नर ओळखून उपटायचं काम चालायचं आणि बंगालात तर त्यासाठी खास जाणकार माणसं असायची. कारण आज कळतं. परागीकरण झालं की झाडाची ताकद बी भरण्यात जाते आणि फुलोऱ्यावर राळ कमी बनते. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या माणसांनी नुसत्या बघण्यातून हे ओळखलं होतं.

म्हणजे हवामानाचा समज चूक, पण शेतीच्या पद्धतीनं फरक पडतो हे बरोबर. मग किती फरक बीचा आणि किती रानाचा, हे वेगळं कसं करायचं?

एकाच रानात साडेतीनशे बियाणी

शेतकऱ्याला विचारलं तर तो लगेच सांगेल: सगळी बियाणी एकाच रानात, एकाच दिवशी लावून बघा. शास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं. कॅनडात ओटावाला अर्नेस्ट स्मॉल आणि बेकस्टेड यांनी जगभरातून आणलेल्या साडेतीनशे बियाण्यांची झाडं वाढवली आणि १९७३ साली निष्कर्ष मांडले. पाणी तेच, ऊन तेच, माती तीच. हवामानच सगळं ठरवत असतं तर सगळी झाडं सारखी निघायला हवी होती. तशी निघाली नाहीत. नशेच्या बियाण्याची झाडं ओटावाच्या थंडीतही टीएचसीवालीच राहिली आणि धाग्याच्या बियाण्याची सीबीडीवाली.

पुढं २००३ साली युरोपातल्या संशोधकांनी टीएचसीवालं झाड आणि सीबीडीवालं झाड यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडं मिश्र, दोन्ही पदार्थ असलेली. दुसऱ्या पिढीत एक भाग टीएचसी, दोन भाग मिश्र, एक भाग सीबीडी. एकास दोनास एक. शाळेच्या विज्ञानात मेंडेलचा धडा वाचला असेल तर हे गणित ओळखीचं वाटेल. म्हणजे कोणती वाट मोकळी हे बीमध्येच लिहिलेलं असतं. पाण्यानं आणि खतानं ते खोडता येत नाही.

मित्राच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. टीएचसीचं बी लावलं तर ते टीएचसीच देणार. वरून कितीही पाणी सोडा.

मग रान काय करतं?

उरलेलं अर्धं उत्तर असं: रान एकूण किती रसायन बनेल ते वर-खाली करतं. टीएचसी आणि सीबीडी यांचं आपसातलं प्रमाण बीचं, एकूण माल रानाचा. अभ्यास काय सांगतात ते थोडक्यात बघू.

नत्र: इस्रायलमधल्या संशोधकांनी औषधी झाडांना कमी ते जास्त नत्र देऊन पाहिलं. नत्र वाढत गेलं तसं फुलोऱ्यातलं टीएचसी आणि सीबीडी दोन्हींचं प्रमाण उतरत गेलं. आपल्या उसाच्या युरियासारखंच. झाड वाढतं, पण सार पातळ होतं.

पाण्याचा ताण: कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २०१९ साली बंदिस्त खोलीत, मोजून-मापून ताण दिलेल्या झाडांत रसायन काहीसं वाढलेलं दिसलं. पण तो एकाच जातीवरचा, काटेकोर नियंत्रणातला प्रयोग होता. उघड्या रानातला दुष्काळ असा मोजून येत नाही. तो झाडच वाळवून टाकतो.

ऊन: अतिनील किरणांनी टीएचसी वाढतं, असं १९८७ च्या एका प्रयोगात दिसलं आणि ती गोष्ट जगभर पसरली. नंतर आधुनिक जातींवर केलेल्या प्रयोगांत तसं दिसलं नाही. म्हणजे ‘डोंगरातला माल कडक असतो, कारण ऊन कडक’ हे वाक्य वाटतं तितकं पक्कं नाही.

रोग, पूर, इजा: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं २०२१ साली सीबीडीच्या झाडांना मुद्दाम त्रास दिला. पाणी साचू दिलं, भुरी रोग येऊ दिला, इजा केली. ‘ताण दिला की टीएचसी उसळतं’ अशी शेतकऱ्यांत चर्चा होती. तसं काही झालं नाही. सीबीडी आणि टीएचसीचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहिलं.

आणि काढणीनंतर? तेव्हाही रसायन बदलत राहतं. उष्णतेनं आम्लातून टीएचसी मोकळं होतं. हवा, उजेड आणि वेळ यांनी ते हळूहळू मोडतं. म्हणून तोच माल दोन ठिकाणी साठवला तर सहा महिन्यांनी सारखा राहत नाही.

रीलमध्ये न सांगितलेलं गणित

आता शून्य पॉइंट तीन टक्क्यांकडं येऊ. ही रेषा कुठून आली? पुन्हा तेच अर्नेस्ट स्मॉल. १९७६ साली झाडांचं वर्गीकरण करताना त्यांनी आणि आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी सोयीसाठी एक सीमा धरली, वाळलेल्या वजनात टीएचसी ०.३ टक्के. ती वनस्पतिशास्त्राची सोय होती. या आकड्याच्या वर नशा आणि खाली नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. पुढं देशोदेशींच्या कायद्यांनी तोच आकडा उचलला. अमेरिकेनं २०१८ साली त्यावरच हेम्पची शेती खुली केली.

आणि मग तिथल्या शेतकऱ्यांना एक नवा शब्द शिकावा लागला: ‘हॉट हेम्प’. म्हणजे कायदेशीर बी आणूनही तपासणीत रेषेच्या वर गेलेलं पीक. असं पीक तसंच विकता येत नाही, बऱ्याचदा नष्ट करावं लागतं.

असं का होतं? प्रमाण बीमध्ये ठरलेलं असतं, हे आपण पाहिलं. समजा एखाद्या जातीत सीबीडी पंचवीस भाग आणि टीएचसी एक भाग. सीबीडी ५ टक्के भरलं तर टीएचसी ०.२ टक्के. पास. तेच पीक चांगलं जोमदार आलं, काढणीला आठवडाभर उशीर झाला, सीबीडी १० टक्क्यांवर गेलं. टीएचसी झालं ०.४ टक्के. नापास. म्हणजे ज्यासाठी पीक घेतलं ते सीबीडी वाढलं म्हणून पीक बेकायदेशीर झालं. पीक चांगलं आलं हाच गुन्हा!

एका सरीच्या भरवशावर, एका पावसाच्या उशिरावर वर्षाचं पीक कायद्याच्या या बाजूला की त्या बाजूला, हे ठरतं. आपल्याकडं कांद्याचा भाव पडला तर निदान कांदा घरात राहतो. इथं पीकच नष्ट करायची वेळ येऊ शकते.

केडगावचा दिवस किती मोठा?

बियाण्यावरून आणखी एक गोष्ट. रीलवाले म्हणतात, युरोपातून कमी टीएचसीचं बी मागवा. हे झाड दिवसाची लांबी मोजतं. दिवस लांब असेपर्यंत ते उंच वाढतं आणि दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं. युरोपात उन्हाळ्यात दिवस पंधरा-सोळा तासांपेक्षा मोठा असतो. केडगाव साधारण १९ अंश अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस, जूनमधला, सव्वातेरा तासांच्या आसपास. तिकडच्या बियाण्याला आपला उन्हाळासुद्धा हिवाळ्याची चाहूल वाटते. ते गुडघ्याएवढं असतानाच फुलावर येऊन बसतं. ना धागा, ना बी, ना पैसा. म्हणून आपल्या अक्षांशाला जुळणारं, टीएचसी कमी असलेलं बियाणं वर्षानुवर्षं निवड करून घडवावं लागतं. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं कांद्यात ‘फुले समर्थ’सारखे वाण दिले, ते असेच निवडीतून, चाचण्यांतून गेलेले आहेत. ते काम कुरिअरनं येत नाही.

कायदा टक्के मोजत नाही, किलो मोजतो

आता मित्राचा दुसरा प्रश्न. हा सर्वांत महत्त्वाचा.

आपल्याकडं १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, अशी व्याख्या आहे. त्यात किती टक्के टीएचसी हवं, याचा उल्लेखच नाही. शून्य पॉइंट तीन नाही, तीन नाही, काहीच नाही. कायदा वजन बघतो. १ किलोपर्यंत ‘अल्प’ मात्रा, २० किलोच्या वर ‘व्यावसायिक’ मात्रा. विनापरवाना झाड लावणं हाच स्वतंत्र गुन्हा, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘साहेब, माझ्या झाडात टीएचसी कमी आहे’ हे वाक्य तिथं कामाचं नाही.

पानांची भांग या व्याख्येत येत नाही, हे खरं. पण म्हणून ती महाराष्ट्रात मोकळी नाही. त्यासाठी राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आहे.

अजून दोन कलमं गावातल्या पोरांनी लक्षात ठेवावीत. आपल्या जमिनीत कुणी असं पीक घेतंय हे माहीत असून जमीन वापरू दिली, तर जमीनमालकही आरोपी. आणि आपल्या रानात बेकायदा झाडं आहेत हे कळलं, तर ते कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. रान वाट्यानं दिलंय, आपण नगरला राहतो, उसात आत काय आहे ते बघितलं नाही, असं म्हणून सुटका होईलच असं नाही.

मग उत्तराखंडात कसं चालतं? त्याच कायद्यात धागा, बी आणि बागायतीसाठी सरकार परवानगी देऊ शकतं, अशी तरतूद आहे. उत्तराखंडानं २०१८ साली ती वापरली आणि ०.३ टक्क्यांची अट घातली. हिमाचल प्रदेशानं २०२५ च्या जानेवारीत आधी तिथल्या दोन विद्यापीठांकडून अभ्यास करून घ्यायचं ठरवलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ साली हेम्पच्या बिया आणि बियांचं तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली. म्हणजे दुकानात हेम्पच्या बिया मिळतात हे खरं. पण त्या खाणं आणि शेतात झाड लावणं यांत कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रीलमध्ये या दोन गोष्टी एकाच वाक्यात येतात आणि इथंच पोरं फसतात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडं गांजा लावायची परवानगी मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव नाही, मग हे तरी लावू द्या, असं त्याचं म्हणणं. बातमी सगळीकडं फिरली, लोक हसले. पण तो अर्ज गांजाबद्दल कमी आणि भावाबद्दल जास्त होता. माझ्या मित्राचा प्रश्नही तसाच होता, हे मला टपरीवर उशिरा कळलं.

आणि पुडीत काय असतं?

हे पान वाचणाऱ्यांत शेती न करणारेही आहेत. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘नॅचरल आहे रे, झाडपाला आहे’ हे वाक्य ऐकलेलं नसेल असा विरळा. त्यांच्यासाठी वरच्या सगळ्या विज्ञानाचा अर्थ एका ओळीत: पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

अमेरिकेत जप्त मालाची वर्षानुवर्षं तपासणी होते. १९९५ च्या सुमारास त्यात सरासरी ४ टक्के टीएचसी असायचं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. नशा वाढवायची म्हणून बी निवडत गेले आणि सीबीडी मागं पडत गेलं. आपल्या विमानतळांवर पकडला जाणारा ‘हायड्रोपोनिक’ गांजा हा याच प्रकारचा, बंद खोलीत कृत्रिम उजेडात वाढवलेला माल. आजोबांच्या काळातली जत्रेतली चिलीम आणि हा माल यांचं नाव एक, पण माल एक नाही.

२०१९ साली युरोपातल्या अनेक शहरांसह ब्राझीलमध्ये झालेला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये आला. १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत मनोविकृतीचा गंभीर आजार जडण्याची शक्यता जवळपास पाचपट दिसली. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणजे हा धोका नेमका आपल्या वयाचा आहे.

शिवाय हे झाड जमिनीतलं शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू ओढून घेतं. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर तिथली माती साफ करायला हेम्प लावून पाहिलं होतं, ते याच गुणामुळं. चोरून लावलेलं पीक कोणत्या नाल्याच्या पाण्यावर, कोणती औषधं मारून वाढवलं, हे कोण तपासतं? आपण बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघतो, आणि ही पुडी बघत पण नाही.

परत टपरीवर

पंधरा दिवसांनी मित्र पुन्हा भेटला. मी त्याला हे सगळं सांगितलं. बी, रान, पंचवीसास एक, केडगावचा दिवस, दहा वर्षं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे रीलवाल्यानं स्वतः लावलंच नसणार."

"नसणारच. तो बी नाही विकत, तो व्ह्यूज विकतोय."

तो हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "पण भावाचं काय?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि मी ओढूनताणून दिलंही नाही. एवढंच म्हणालो की रान काय करतं हे तुला कळतं, तर ते ज्या पिकात चालतं तिथं वापर. कांद्याला गंधक किती, शेवटचं पाणी कधी, कोणता वाण चाळीत किती महिने टिकतो, हेही रसायनशास्त्रच आहे. राहुरी केडगावपासून तासाभरावर आहे, आणि तिथं हे विचारायला पैसे पडत नाहीत.

काकांनी भज्यांची प्लेट ठेवली. वर कच्चा कांदा. मित्रानं एक फोड उचलून खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाला, "झोंबतोय. पण आपला आहे."

एवढं लक्षात ठेवा

– टीएचसी की सीबीडी, हे बी ठरवतं. एकूण किती, हे रान, पाणी, खत आणि काढणीची वेळ ठरवते.

– खत-पाणी बदलून टीएचसीचं झाड ‘हेम्प’ होत नाही.

– एनडीपीएस कायद्यात टीएचसीच्या टक्केवारीची सूट नाही. विनापरवाना लागवड हाच गुन्हा.

– हेम्पच्या बिया दुकानात मिळतात, याचा अर्थ झाड लावायला परवानगी आहे असा नाही.

– स्वतः किंवा मित्र नशेत अडकला असेल तर व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन अस्वस्थ असेल तर टेली-मानस १४४१६. दोन्हीकडं फोन करायला पैसे लागत नाहीत.